पाषाणाच्या पोकळीतील अम्ल

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर रसायनशास्त्राचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांच्या कपाळावर एक सूक्ष्म आठी उमटते. संतवाङ्मय, इतिहास, नाटक, फार तर ज्योतिष, एवढी या व्यासपीठाची रूढ मर्यादा. तथापि आजचा विषय परका नाही. तो उज्जैनकरांच्या पायाखालीच पडलेला आहे. शिप्रेच्या काठचा काळा कातळ आणि त्याच्या झिजेतून झालेली मालव्याची काळीभोर माती ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेल्या लाव्ह्याची निर्मिती आहे. हाच कातळ नर्मदा ओलांडून सह्याद्रीपर्यंत गेलेला असून तिथे त्याच्यावर रायगड आणि राजगड उभे राहिले. राणोजी शिंद्यांच्या मागोमाग जी मराठी घराणी अठराव्या शतकात या नगरीत आली, त्यांनी भाषा बदललेली पाहिली, हवा-पाणी बदललेले पाहिले; पायाखालचा पाषाण मात्र बदलला नव्हता.

या पाषाणाचे एक वैशिष्ट्य असे की तो सर्वत्र भरीव नाही. लाव्हा थंड होत असता त्यात कोंडलेल्या वायूंचे बुडबुडे तसेच राहून गेले आणि दगडात लहानमोठ्या पोकळ्या निर्माण झाल्या. पुढे हजारो वर्षे खनिजयुक्त उष्ण पाणी त्यांतून झिरपत राहिले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर पांढरे, मोतिया, क्वचित गुलाबी स्फटिक जमले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग उडाल्यावर काळ्या दगडाच्या पोटात असे चकाकणारे घोस सापडतात, हे अनेकांनी पाहिले असेल. बोरघाटातील लोहमार्गासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डोंगर फोडला गेला, तेव्हा असे स्फटिक विपुल मिळाले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींचे नमुने आज जगभरच्या खनिजसंग्रहालयांत मानाने मांडलेले दिसतात. त्यांतील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट इत्यादी खनिजे ज्या एका मोठ्या कुळातील आहेत, त्या कुळाचे नाव झिओलाइट.

हे नाव दिले ते स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने, १७५६ साली. फुंकनळीच्या ज्योतीत धरताच हा दगड उकळल्यासारखा फसफसतो, असे त्याला आढळले. ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या दोन शब्दांची सांगड घालून त्याने ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, असा शब्द घडविला. फसफसण्याचे कारण साधे होते. या स्फटिकांच्या अंतरंगात पाणी भरलेले असते आणि उष्णता लागताच ते वाफ होऊन बाहेर पडते. आश्चर्य आहे ते पुढेच. या कुळातील पुष्कळ खनिजांतून पाणी निघून गेले तरी स्फटिकाचा सांगाडा ढासळत नाही. बिऱ्हाडकरू निघून जावेत आणि वाडा जसाच्या तसा उभा राहावा, तशी त्यांची स्थिती होते. रिकाम्या झालेल्या त्या खोल्यांत मग दुसरे रेणू येऊन राहू शकतात. आजचा विषय आहे तो या नव्या रहिवाशांचा. सेंद्रिय रेणू, म्हणजे कार्बनी संयुगाचा रेणू, अशा एखाद्या अम्लधर्मी खोलीत शिरला असता त्याचे काय होते? तो होता तसाच राहतो, की विद्युत्‌भारित होऊन ‘आयन’ बनतो? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु पेट्रोलपासून पॉलिएस्टरच्या कापडापर्यंत अनेक वस्तूंची निर्मिती त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, आणि त्या उत्तराने रसायनशास्त्रज्ञांना कित्येक दशके चकवले आहे.

प्रथम वाड्याची रचना पाहू. झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन या तीन मूलद्रव्यांचा बनलेला असतो. प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर बसलेले असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन शेजाऱ्यांत सामाईक असतो. सर्वत्र सिलिकॉनच असेल तर विद्युत्‌भाराचा जमाखर्च बरोबर जुळतो आणि सांगाडा उदासीन राहतो. परंतु काही ठिकाणी सिलिकॉनऐवजी अॅल्युमिनियम बसलेले असते. सिलिकॉनची संयुजा चार, अॅल्युमिनियमची तीन. त्यामुळे जिथे जिथे अॅल्युमिनियम आहे, तिथे तिथे सांगाड्यावर एक ऋण भार शिल्लक राहतो. हे देणे फेडण्यासाठी जवळपास एक धन भार असावाच लागतो. निसर्गातील झिओलाइटांत ते काम सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम करते. हे धन आयन भिंतीला पक्के जखडलेले नसल्यामुळे त्यांची अदलाबदल करता येते. कठीण पाणी मृदू करण्यासाठी आणि धुलाईच्या पावडरींत झिओलाइट वापरला जातो तो याच गुणामुळे. पाण्यातील कॅल्शियम तो आत घेतो आणि स्वतःचे सोडियम बाहेर सोडतो.

आता सोडियमच्या जागी प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा उघडा धन आयन, बसविला तर? प्रोटॉन देऊ शकणारा पदार्थ म्हणजेच अम्ल. त्यामुळे असा झिओलाइट अम्ल ठरेल. प्रत्यक्षात ही करामत थोड्या आडवाटेने करतात. झिओलाइटमधील सोडियम काढून तिथे प्रथम अमोनियम आयन बसवितात आणि मग सुमारे पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. उष्णतेने अमोनिया वायू होऊन निघून जातो. जाताना आपला प्रोटॉन मागे ठेवतो. सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम यांना जोडणाऱ्या ऑक्सिजनवर तो प्रोटॉन स्थिरावतो. हीच अम्लजागा. हातात घेतले तर हे अम्ल पांढरी, कोरडी भुकटी असते. ती बोटाला झोंबत नाही, सांडली तर फरशी खात नाही, काचेच्या बाटलीची मागणी करीत नाही. मात्र तिच्या एका ग्रॅमच्या पोटात काही शेकडा चौरस मीटर भरेल एवढा अंतर्गत पृष्ठभाग असतो आणि त्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी प्रोटॉन वाट पाहत बसलेले असतात.

येथे दोन शब्दांपाशी क्षणभर थांबणे इष्ट होईल, कारण भाषेच्या अभ्यासकालाही त्यांत रस वाटावा. पहिला शब्द ‘अधिशोषण’. स्पंज पाणी पितो ते शोषण. त्यात पाणी अंगभर मुरते. रेणू केवळ पृष्ठभागावर येऊन चिकटतो, तेव्हा ते अधिशोषण. झिओलाइटमध्ये हा पृष्ठभाग स्फटिकाच्या आत, पोकळ्यांच्या भिंतींवर आहे, म्हणून शब्दांची गल्लत होते. परंतु रेणू भिंतीत मुरत नाही, भिंतीला टेकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दुसरा शब्द ‘आयन’. १८३४ साली फॅरडेने तो रूढ केला. मूळ ग्रीक अर्थ ‘जाणारा’. विद्रावातून विजेचा प्रवाह सोडला असता जे कण एका ध्रुवाकडे चालू लागतात ते आयन. आपल्या ‘उत्तरायण’, ‘दक्षिणायन’ या शब्दांतील ‘अयन’ म्हणजेही गमन, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्या ग्रीक शब्दाचा व या संस्कृत शब्दाचा धातू एकाच मुळातून आलेला आहे. ज्या नगरीत सूर्याच्या अयनांचे वेध शतकानुशतके घेतले गेले, तिथे हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. गंमत अशी की झिओलाइटच्या खोलीत जन्मणाऱ्या आयनाला चालायला वाट फारशी नसते. पाण्यात आयन निर्माण झाला तर पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी वेढून सुरक्षित ठेवतात आणि तो खुशाल फिरतो. पाषाणाच्या खोलीत पाण्याचा वेढा नाही. तिथे धन आयनाच्या समोर ऋण भार घेतलेली भिंत उभी असते, आणि ती जागची हलत नाही. या एका भेदातूनच पुढचे सारे नाट्य उद्भवते.

आता एकेक पाहुणा आत सोडून पाहू.

पहिला पाहुणा अमोनिया. तो पुरता सेंद्रिय नव्हे, परंतु तुलनेसाठी उपयोगी आहे. प्रोटॉन दिसताच तो स्वीकारतो आणि अमोनियम आयन बनतो. तापविले की प्रोटॉन परत करून निघून जातो. दुसरा पाहुणा पिरिडीन, हा नायट्रोजनयुक्त सेंद्रिय क्षारक. त्याची प्रोटॉनची ओढ आणखी तीव्र. तो आत येताच त्याचे आयनीभवन निश्चित होते आणि अवरक्त किरणांच्या वर्णपटात पिरिडिनियम आयनाची ठराविक रेषा उमटते. कोणता झिओलाइट किती अम्लधर्मी आहे, याची परीक्षा प्रयोगशाळांत आजही या दोन पाहुण्यांना आत पाठवूनच घेतात. येथपर्यंत सारे पाठ्यपुस्तकात सांगितल्याप्रमाणे घडते. अम्लाने दिले, क्षारकाने घेतले.

तिसरा पाहुणा मेथिल अल्कोहोल, अर्थात मेथॅनॉल. हा एकटाच अम्लजागेपाशी आला, तर प्रोटॉन त्याच्याकडे झुकतो, परंतु भिंतीचा हात सोडीत नाही. दोघांमध्ये एक बळकट हायड्रोजन बंध निर्माण होतो, एवढेच. आयनीभवन जवळजवळ झालेले असते आणि झालेले नसते. याबद्दल १९९०च्या दशकात पुष्कळ वाद झाला. एक पक्ष अवरक्त वर्णपटाकडे बोट दाखवून आयन आहे म्हणे. दुसरा पक्ष संगणकावरील गणित मांडून नाही म्हणे. शेवटी असे दिसून आले की त्याच जागेपाशी मेथॅनॉलचा दुसरा रेणू आला म्हणजे पारडे फिरते. दोघे मिळून प्रोटॉनला आपल्यामध्ये घेतात, त्याचा भार वाटून घेतात आणि भिंतीपासून त्याला सोडवतात. एकट्याला जे झेपत नाही, ते दोघांना झेपते. पाण्याच्या रेणूंचीही कथा अशीच आहे.

चौथा गट हायड्रोकार्बनांचा, आणि उद्योगाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. १९६२च्या सुमारास अमेरिकेत खनिज तेलाच्या जड अंशाचे भंजन करून पेट्रोल मिळविण्यासाठी झिओलाइट वापरले जाऊ लागले आणि त्यांनी जुन्या उत्प्रेरकांना पाहता पाहता मागे टाकले. ही विक्रिया कशी घडते याचे स्पष्टीकरण द्रवरूप अम्लांच्या रसायनशास्त्रातून जसेच्या तसे उचलले गेले. अम्ल प्रोटॉन देते, हायड्रोकार्बनाचा धनभारित कार्बन आयन बनतो आणि तो मग तुटतो, वळतो किंवा दुसऱ्याशी जुळतो. जॉर्ज ओला यांनी अतितीव्र द्रवअम्लांत असे कार्बन आयन दीर्घकाळ टिकवून त्यांचे प्रत्यक्ष दर्शन घडविले होते. त्या कार्याबद्दल त्यांना १९९४चे नोबेल पारितोषिक लाभले. साहजिकच अशी समजूत दृढ झाली की झिओलाइटच्या पोकळ्यांतही असे आयन गर्दीने नांदत असले पाहिजेत.

शोध घेतला तेव्हा ते सापडेनात. चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने स्फटिकाच्या आत डोकावले असता, साध्या ओलेफिनाचा, उदाहरणार्थ प्रोपीनचा, रेणू प्रोटॉन घेतो हे खरे ठरले. पण घेताक्षणी तो भिंतीतील ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि त्याच्याशी सहसंयुज बंध जोडतो. आयन झाला म्हणावा, तोच तो विझलेला असतो. रशियाच्या काझान्स्की यांनी हीच भूमिका आग्रहाने मांडली. त्यांच्या मते पोकळीत स्थिर राहतो तो भिंतीशी जडलेला अल्कॉक्सी गट. मुक्त कार्बन आयन ही एका स्थितीतून दुसरीत जातानाची केवळ क्षणिक अवस्था होय.

मग एकही कार्बन आयन तिथे टिकत नाही काय? टिकतो, परंतु निवडकच. अमेरिकेतील जेम्स हॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८९ साली प्रोपीनवरील प्रयोगांतच एक निराळा संकेत मिळाला. प्रोपीनचे रेणू एकमेकांस जुळून त्यांतून पाच कार्बन अणूंच्या कड्याचे, सायक्लोपेंटेनिल जातीचे आयन तयार झाले होते आणि ते मात्र ठाण मांडून बसले होते. कारण या आयनात धन भार एकाच कार्बनवर एकवटलेला नसतो, तो विभागला जातो. १९९८ साली निकोलस आणि हॉ यांनी या निवडीला एक मोजमाप दिले. प्रत्येक रेणूला प्रोटॉनची किती ओढ आहे, हे ऊर्जेच्या एककांत मांडता येते. ज्या हायड्रोकार्बनाची ही ओढ मोलमागे सुमारे ८७४ किलोज्यूल किंवा त्याहून अधिक असेल, त्याचा आयन झिओलाइटमध्ये टिकून राहील. त्याखालच्यांचा राहणार नाही. बेंझिनची ओढ सुमारे ७५० आहे, झायलिनांची त्याहून थोडी जास्त, ८००च्या आसपास. म्हणजे दोघेही उंबरठ्याच्या अलीकडचे. पिरिडीन ९३०च्या घरात, म्हणून तो बिनदिक्कत पलीकडे.

येथे चिकित्सक श्रोता विचारील की अमोनियाची ओढ साधारण ८५४, म्हणजे या उंबरठ्याहून कमी. मग तो कसा आयन होतो? शंका अगदी योग्य आहे आणि तिचे उत्तर साऱ्या विषयाची किल्ली आहे. अमोनियम आयनाला चार हायड्रोजन असतात. त्यांपैकी दोन-तीन हात पसरून तो भिंतीतील ऑक्सिजन अणूंना धरतो आणि ते बंध त्याला सावरतात. हायड्रोकार्बनाच्या आयनाला अशी धरपकड साधत नाही. तात्पर्य, आयनीभवन होईल की नाही हे केवळ अम्लाच्या तीव्रतेवर ठरत नाही, केवळ पाहुण्याच्या ओढीवरही नाही. निर्माण झालेल्या आयनाला ती खोली किती सांभाळून घेते, हा तिसरा पक्षही निर्णायक असतो. खोली घट्ट असेल, भिंती रेणूला चहूकडून स्पर्श करीत असतील, तर आयनाला आधार अधिक मिळतो. खोली ऐसपैस असेल तर आधार कमी, पण हालचालीला वाव जास्त. तापमान हा आणखी एक घटक. प्रयोगशाळेत थंड अवस्थेत भिंतीला चिकटून बसणारा गट, कारखान्यातील शेकडो अंशांच्या उष्णतेत भिंत सोडून आयनरूपात वावरू शकतो, असे अलीकडच्या गणिती अभ्यासांतून दिसते. तेव्हा ‘आयन आहे की नाही’ या प्रश्नाला एकाक्षरी उत्तर नाही. कोणाचा, कोठे आणि कोणत्या तापमानाला, हे विचारल्याखेरीज तो प्रश्नच पुरा होत नाही.

आयनीभवनाचा आणखीही एक प्रकार आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. आतापर्यंत पाहुणा प्रोटॉन घेत होता. परंतु काही रेणू झिओलाइटमध्ये शिरताच स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गमावून बसतात. अँथ्रासिनसारखे, अनेक कडी जोडलेले रेणू या बाबतीत विशेष उदार असतात. १९६४ साली स्टॅमिरेस आणि टर्केविच यांनी अम्लधर्मी केलेल्या झिओलाइटमध्ये असे इलेक्ट्रॉन गमावलेले रेणू चुंबकीय मापनाने ओळखले. पांढरी भुकटी आणि फिकट पदार्थ एकत्र येतात आणि पाहता पाहता रंग चढतो, ही त्याची खूण. द्रवात असा इलेक्ट्रॉन क्षणार्धात आपल्या घरी परततो. झिओलाइटच्या अरुंद मार्गिकांत मात्र तो भिंतीच्या आसपास अडकून राहतो आणि गमावणारा व गमावलेला यांची ताटातूट कित्येक दिवस टिकू शकते. सूर्यप्रकाशाने विद्युत्‌भारांची फारकत करणे आणि ती टिकविणे हे सौरऊर्जेच्या साऱ्या प्रयत्नांचे मर्म आहे. त्या दृष्टीने या घटनेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष लागलेले आहे.

हे सारे दूरदेशींचे झाले. मराठी मुलुखात याचा संबंध येतो तो पुण्याला. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. ती ज्या पाषाण परिसरात उभी आहे, त्या गावाचे नावही योगायोगाने या विषयाला साजेसेच. डॉ. एल. के. दोराईस्वामी संचालक असतानाच्या काळात, डॉ. पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली तेथे झिओलाइट उत्प्रेरकांचे मोठे कार्य झाले. तेथे घडविलेल्या झिओलाइटांच्या मालिकेला ‘एन्सिलाइट’ असे नाव मिळाले. प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ध्वनी त्यात स्पष्ट ऐकू येतो.

या कार्याचे मोल समजण्यासाठी झायलिनचे उदाहरण घेऊ. झायलिन म्हणजे बेंझिनच्या कड्यावर दोन मेथिल गट बसलेला रेणू. ते दोन गट शेजारी शेजारी, एकाआड एक, किंवा समोरासमोर असे तीन प्रकारे बसू शकतात. समोरासमोरचे पॅराझायलिन हे पॉलिएस्टरच्या धाग्याचा मूळ कच्चा माल. टेरिलिनच्या सदऱ्यापासून टेरिकॉटच्या पाटलोणीपर्यंतचे ज्यांचे वस्त्रजीवन गेले, त्यांनी या रेणूचा उपभोग नकळत घेतलेला आहे. तेलशुद्धीतून मिळणाऱ्या मिश्रणात पॅराझायलिन थोडेच असते. ते काढून घेतल्यावर उरलेल्या दोघांचे पॅरामध्ये रूपांतर करावे लागते, आणि हे काम अम्लाचे. भिंतीवरचा प्रोटॉन झायलिनच्या कड्याला चिकटतो, रेणू क्षणभर आयन होतो, त्या क्षणात मेथिल गट शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि प्रोटॉन पुन्हा भिंतीकडे परततो.

झायलिनची ओढ उंबरठ्याच्या खाली आहे, हे मघाशी पाहिले. म्हणजे त्याचा आयन टिकत नाही. हा दोष वाटेल. वस्तुतः तो उपकार आहे. आयन जर आत ठाण मांडून बसता, तर मार्गिका तुंबल्या असत्या आणि प्रोटॉन पुढच्या पाहुण्यासाठी मोकळा झाला नसता. उत्प्रेरकाचे सामर्थ्य देण्यात जितके आहे, तितकेच दिलेले परत मिळण्यात आहे. पोकळीचे मापही येथे कामी येते. या जातीच्या झिओलाइटांच्या मार्गिका अर्ध्या नॅनोमीटरहून किंचित रुंद असतात; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पॅराझायलिनचा सडपातळ रेणू त्यांतून सहज निसटतो. इतर दोघे आडव्या बांध्याचे असल्याने रेंगाळतात आणि रेंगाळता रेंगाळता त्यांचेही रूपांतर होते. दोन रेणूंनी एकमेकांत गुंतून नको ती संयुगे बनवावीत एवढी जागाच तिथे नसते, म्हणून काजळीही कमी धरते.

प्रयोगशाळेने या तत्त्वावर ‘झायलोफायनिंग’ ही प्रक्रिया विकसित केली. उत्प्रेरक बनविण्यात एसीसी कंपनीचा सहभाग होता आणि बडोद्याच्या तत्कालीन सार्वजनिक क्षेत्रातील इंडियन पेट्रोकेमिकल्स कंपनीत १९८०च्या दशकाच्या मध्यास ती प्रत्यक्ष उत्पादनात उतरली. पाठोपाठ अल्कोहोल आणि बेंझिन यांपासून एथिलबेंझिन बनविण्याची ‘अल्बीन’ प्रक्रिया त्याच दशकाच्या अखेरीस विशाखापट्टणमला वापरात आली. उसाच्या मळीपासून अल्कोहोल मिळविणाऱ्या देशाला ही वाट विशेष सोयीची होती. परदेशी परवान्यासाठी आणि उत्प्रेरकाच्या प्रत्येक भरणीसाठी परकीय चलन मोजावे लागे, त्या काळातील ही गोष्ट आहे. परकीय चलनाची चणचण ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तिचे महत्त्व निराळे सांगायला नको.

द्रवअम्लांशी तुलना केली म्हणजे आणखी एक लाभ दिसतो. याच जिल्ह्यात नागद्याला व्हिस्कोस धाग्याचे उत्पादन होते आणि त्या धाग्याला गंधकाम्लाच्या कुंडातून जावे लागते, हे येथील मंडळींना ठाऊक आहे. प्रत्येक ठिकाणी द्रवअम्लाला पर्याय असतोच असे नाही. परंतु जिथे असतो, तिथे लाभ मोठा असतो. एथिलबेंझिनसाठी पूर्वी अॅल्युमिनियम क्लोराइड वापरीत. ते यंत्रे खाई आणि शेवटी त्याचा अम्लयुक्त गाळ कोठेतरी टाकावा लागे. झिओलाइट पात्रातच राहतो. काजळी धरली तर हवेत तापवून ती जाळून टाकता येते आणि तीच भुकटी पुन्हा कामाला लागते. नदीत सोडण्यासारखे काही उरत नाही. ज्यांच्या गावाचे जीवन एका नदीवर उभे आहे, त्यांना हा मुद्दा अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

मग एक प्रश्न उरतो. ज्या दख्खनी पाषाणाच्या पोटात हे स्फटिक मुबलक आहेत, तोच पाषाण फोडून कारखान्यांना का पुरविला नाही? कारण निसर्गातील हे स्फटिक देखणे असले तरी त्यांतील बऱ्याच जणांच्या मार्गिका अरुंद आहेत, त्यांत अॅल्युमिनियम फार आहे आणि स्टिल्बाइटसारखे काही तर फार तापविले की कोसळतात. कारखान्याला हवा तसा झिओलाइट माणसाला स्वतः घडवावा लागतो. सिलिका, अॅल्युमिना, अल्कली आणि पाणी बंद पात्रात तापवून, कोठे किती अॅल्युमिनियम असावे याचे प्रमाण ठरवून तो तयार करतात. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये बॅरर आणि अमेरिकेत मिल्टन यांनी या मार्गाचा पाया घातला. लाव्ह्यातील उष्ण पाण्याने युगानुयुगे जे काम केले, ते त्यांनी काही दिवसांत करून दाखविले. दगड आपल्या भूमीत होता; त्याच्या आत काय चालते हे ज्ञान मात्र प्रयत्नाने मिळवावे लागले. दगडाची मालकी वारशाने येते, ज्ञानाची येत नाही.

ग्रंथालयाचा संबंध येतो तो नेमका येथे. अधिशोषण, आयनीभवन, उत्प्रेरण हे शब्द मराठीत आहेत. परिभाषाकोशांनी ते घडविले, विश्वकोशाने ते वापरून दाखविले. परंतु कोशात शब्द असणे आणि तो चारचौघांच्या बोलण्यात असणे यांत तेच अंतर आहे, जे भिंतीला टेकलेल्या मेथॅनॉलमध्ये आणि खऱ्या आयनात आहे. शब्द झुकलेला असतो, पण सुटलेला नसतो. तो सुटावा यासाठी वाचक लागतात, आणि एकाला झेपत नाही ते दोघांना झेपते. महाराष्ट्रापासून दूर, हिंदीच्या सागरात, मालव्यातील मराठी मंडळींनी वर्गणी गोळा करून ग्रंथ जमविले आणि शंभर वर्षे सांभाळले. त्या कपाटांत कादंबऱ्या आणि चरित्रे यांच्या शेजारी विज्ञानाचेही एक कपाट वाढते राहावे आणि ते उघडणारे हात दर पिढीत निघावेत, अशी अपेक्षा शताब्दीच्या वर्षी बाळगणे अवास्तव ठरू नये. मालव्यातील एखाद्या विहिरीच्या खोदकामात पांढरे स्फटिक निघाले, तर ते केवळ शोभेचे म्हणून दिवाणखान्यात न ठेवता, ‘याच्या आत रिकाम्या खोल्या आहेत आणि त्यांचा एक मोठा इतिहास आहे’, असे एखाद्या मुलाला मराठीत सांगणारे कोणी घरात असावे.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा.